जामीन मंजूर आहे, सुटका नाही: बातमीने तुरुंगातली गर्दी कमी होते का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: तुम्ही पाच-सहा वकील आणि कार्यकर्ते जिल्हा कारागृहात मोफत कायदेशीर मदतीचं काम करता. जामीन मंजूर होऊनही जामीनदार मिळत नाही म्हणून आत बसलेल्या २३ कच्च्या कैद्यांची यादी तुमच्याकडे आहे. एका वाहिनीच्या प्रतिनिधीने "यातल्या एखाद्याची स्टोरी द्या" असं म्हटलंय. पेपरात किंवा टीव्हीवर आल्याने खरंच कोणी सुटतं का, आणि सुटत असेल तर हे काम करायचं कसं?

सुटतं. वीस वर्षं मी तुरुंग आणि पत्रकार या दोघांच्या मधे काम करते आहे, त्यामुळे हे खात्रीने सांगते. फक्त एक गोष्ट आधी नीट समजून घ्या. कैदी सुटतो तो कोणीतरी एका कागदावर सही केल्यामुळे. न्यायाधीश, कारागृह अधीक्षक, मोफत कायदेशीर मदत देणाऱ्या सरकारी विधी सेवा प्राधिकरणाचे सचिव, तहसीलदार, यांच्यापैकी कोणाची तरी सही अडलेली असते. ती कोणाची, कोणत्या नियमाखाली आणि किती दिवसांपासून, हे ज्या बातमीत असतं तिचा उपयोग होतो. "गरीब बिचारे तुरुंगात सडतायत" एवढंच असेल तर वाचणारा हळहळतो आणि पान उलटतो.

गर्दीचं चित्र तुम्हाला माहीतच आहे, तरी पत्रकाराला द्यायला आकडे हाताशी ठेवा. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या २०२२ च्या तुरुंग अहवालानुसार देशात ५,७३,२२० कैदी होते आणि जागा ४,३६,२६६ जणांची. कैद्यांपैकी ४,३४,३०२ कच्चे, म्हणजे ज्यांचा गुन्हा अजून सिद्ध झालेला नाही असे. दर चारांत तीन. सगळ्या कच्च्या कैद्यांना उद्या बाहेर काढणं शक्य नाही आणि तशी मागणीही आपण करत नाही. पण ज्यांना न्यायालयाने स्वतःच "बाहेर जा" म्हटलंय, त्यांना आत ठेवायचं एकही कारण उरत नाही. तुमचे २३ नेमके तेच आहेत. म्हणून सुरुवात त्यांच्यापासून करताय हे अगदी बरोबर आहे.

बातमीमुळे तुरुंग हलल्याची आपल्याकडची सर्वांत मोठी घटना १९७९ ची. त्या जानेवारीत 'इंडियन एक्स्प्रेस'मध्ये बिहारच्या तुरुंगांतल्या कच्च्या कैद्यांवर मजकूर आला. त्यामागे होते के. एफ. रुस्तमजी, सीमा सुरक्षा दलाचे पहिले प्रमुख आणि तेव्हा राष्ट्रीय पोलीस आयोगाचे सदस्य. तुरुंग त्यांनी स्वतः फिरून पाहिले होते. कोण आत आहे, किती वर्षांपासून, कोणत्या आरोपाखाली, हे नावानिशी छापलं गेलं. ज्या गुन्ह्याला जास्तीत जास्त जेवढी शिक्षा, त्याहून अधिक काळ नुसत्या खटल्याची वाट बघत काढलेली माणसं त्यात होती. वकील कपिला हिंगोरानी यांनी तो मजकूर उचलला आणि सर्वोच्च न्यायालय गाठलं. छापलेल्या नावांमधली एक बाई त्या खटल्याचं नाव झाली: हुसैनआरा खातून विरुद्ध बिहार राज्य. न्या. भगवतींच्या खंडपीठाने जातमुचलक्यावर, म्हणजे जामीनदाराशिवाय स्वतःच्याच लेखी हमीवर, सुटकेचे आदेश दिले, आणि खटला लवकर चालणं हा संविधानाच्या कलम २१ मधल्या जगण्याच्या हक्काचा भाग आहे हे तिथे ठरलं. पुढे हजारो कैदी बाहेर आले.

मी नव्या मुलांना हे सांगते तेव्हा एकाच गोष्टीवर बोट ठेवते. त्या मजकुरात नाव, तारीख आणि आरोप होते, म्हणून तो जसाच्या तसा याचिकेत लावता आला. आजही माझी कसोटी तीच आहे. आपण पत्रकाराला दिलेली माहिती उद्या कोणी न्यायालयात जोडपत्र म्हणून लावली, तर टिकेल का?

अलीकडचं उदाहरण सुकन्या शांता यांचं. २०२० च्या अखेरीस 'द वायर'वर त्यांचा वृत्तांत आला: तुरुंगांमध्ये कामं जातीप्रमाणे वाटली जातात, आणि ते चक्क अनेक राज्यांच्या कारागृह नियमावलीत लिहिलेलं आहे. जातिभेदाच्या कहाण्या आधीही छापून आल्या होत्या. इथे नियमाचा शब्द समोर ठेवलेला होता. राजस्थान उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली आणि तिथले नियम बदलले. बाकीच्या राज्यांसाठी शांता स्वतः याचिकाकर्त्या झाल्या, आणि ३ ऑक्टोबर २०२४ ला सर्वोच्च न्यायालयाने असे सगळे नियम घटनाबाह्य ठरवले, कैद्यांच्या नोंदवहीतला जातीचा रकाना काढायला सांगितला. बातमीपासून निकालापर्यंत जवळजवळ चार वर्षं गेली. तुमच्या गटातल्या कोणाला पहिल्या बातमीनंतर आठ दिवसांत सगळं बदलेल असं वाटत असेल, तर हे त्याला सांगून ठेवा.

आणि कधीकधी आठ दिवसांतही होतं. २०२१ च्या जुलैमध्ये आग्र्याच्या तुरुंगातल्या १३ जणांना सर्वोच्च न्यायालयाने जामीन दिला, पण आदेशाची प्रमाणित प्रत पोहोचली नाही म्हणून ते आतच राहिले. पेपरात बातमी आली. सरन्यायाधीश रमणांनी ती वाचून स्वतःहून प्रकरण दाखल करून घेतलं, आदेश पोचवायला आपण अजून कबुतरांची वाट बघतोय का असं खुल्या न्यायालयात विचारलं, आणि पुढच्या मार्चमध्ये आदेश इलेक्ट्रॉनिक पद्धतीने पाठवण्याची 'फास्टर' व्यवस्था सुरू झाली. २०२१ च्याच ऑक्टोबरात एका गाजलेल्या प्रकरणात आदेश संध्याकाळच्या वेळेत पोहोचला नाही, आरोपीला एक रात्र जास्त काढावी लागली, आणि आर्थर रोड तुरुंगाबाहेरची जामीन आदेश टाकायची पेटी सगळ्या देशाने टीव्हीवर पाहिली. त्या पेटीत वेळेत कागद न पडल्यामुळे किती अनोळखी माणसांनी किती रात्री काढल्या असतील, याची मोजदाद कोणी केली नव्हती. आपलं काम ती मोजदाद करायचं.

आता तुमच्या २३ जणांकडे येते. घोडं नेमकं कुठे पेंड खातंय ते आधी शोधा. त्यासाठी ३१ जानेवारी २०२३ चा सर्वोच्च न्यायालयाचा जामिनाबाबतचा आदेश तुमच्या टेबलावर उघडा असला पाहिजे. तो कसा आला तेही पाहण्यासारखं आहे. २६ नोव्हेंबर २०२२ ला, संविधान दिनाच्या कार्यक्रमात, राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू समोर बसलेल्या न्यायाधीशांना उद्देशून, लिहिलेलं भाषण बाजूला ठेवून बोलल्या. किरकोळ गुन्ह्यांत वर्षानुवर्षं आत असलेल्या, बाहेर काढायला ज्यांच्या घरच्यांकडे पैसे नाहीत अशा माणसांबद्दल. सगळीकडे त्याची बातमी झाली. तीन दिवसांत सर्वोच्च न्यायालयाने राज्यांकडून जामीन मिळूनही न सुटलेल्यांची माहिती मागवली. साधारण ५,००० जण निघाले. त्यानंतर हा आदेश आला, आणि दुसऱ्याच दिवशीच्या अर्थसंकल्पात गरीब कैद्यांसाठी मदतीची घोषणाही झाली.

त्या आदेशात काय आहे? जामीन देणाऱ्या न्यायालयाने आदेशाची प्रत त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी कारागृह अधीक्षकांना ई-मेलने पाठवायची. अधीक्षकांनी जामिनाची तारीख ई-प्रिझन्स या तुरुंगांच्या संगणकीय नोंद प्रणालीत भरायची. सात दिवसांत कैदी सुटला नाही तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या सचिवांना कळवायचं. सचिवांनी त्याची आर्थिक परिस्थिती तपासून अट शिथिल करण्याची विनंती न्यायालयापुढे ठेवायची. महिनाभरात मुचलका भरला गेला नाही तर न्यायालय स्वतःहून अट बदलण्याचा विचार करू शकतं. आणि जामीनदार स्थानिकच हवा असा आग्रह न धरलेला बरा, हेही त्यात आहे. स्थानिक जामीनदाराचा हा प्रश्न जुना आहे. १९७८ मध्ये मध्य प्रदेशातल्या मोती राम नावाच्या गवंड्याला १०,००० रुपयांचा जामीनदार मागितला गेला, त्याचा भाऊ उभा राहिला तर त्याची मालमत्ता दुसऱ्या जिल्ह्यात आहे म्हणून नाकारला गेला. न्या. कृष्ण अय्यर यांनी त्याला १,००० रुपयांच्या जातमुचलक्यावर सोडलं. त्यालाही आता पंचेचाळीसहून अधिक वर्षं झाली, आणि तुमच्या यादीत आजही त्याच कारणाने अडकलेले लोक आहेत.

मग कोरा कागद घ्या आणि २३ ओळींपुढे रकाने आखा. जामीन मंजूर झाल्याची तारीख. रक्कम आणि अट. आदेश कारागृहात पोहोचल्याची तारीख. ई-प्रिझन्समध्ये नोंद आहे की नाही. सात दिवसांनी सचिवांना पत्र गेलं की नाही. अट शिथिल करायचा अर्ज झाला की नाही. 'गरीब कैद्यांना साहाय्य' योजनेखाली जिल्हा समितीकडे नाव गेलं की नाही. ही योजना केंद्राने २०२३ मध्ये आणली, तिच्या मूळ सूचनांत कच्च्या कैद्याच्या जामिनासाठी ४०,००० रुपयांपर्यंतची तरतूद होती. अमली पदार्थ, यूएपीए (बेकायदेशीर कारवाया प्रतिबंधक कायदा), मनी लाँडरिंग आणि भ्रष्टाचाराच्या प्रकरणांना ती लागू नाही. शेवटचा रकाना रिकामा ठेवा: सुटल्याची तारीख.

एका जिल्ह्यात आम्ही असाच तक्ता करत होतो. कारागृहाच्या कार्यालयातला लिपिक भला माणूस होता, त्याने यादी छापून दिली. मी टेबलाच्या कडेला बसून एकेका नावावरून बोट फिरवत होते. चौदा नावं होती. 'जामीन मंजूर दिनांक' या रकान्यात तीन ठिकाणी तारीख, बाकी अकरा ओळी कोऱ्या. मी विचारलं, या कोऱ्या का? तो म्हणाला, "मॅडम, प्रत मेलवर येते, पण मेल बघायला वेगळा माणूस नाही." गोष्ट तेवढीच होती. तारीख भरली नाही, म्हणून सात दिवस कधी झाले ते प्रणालीला कळलं नाही, म्हणून सचिवांना काही गेलं नाही. त्या चौदा जणांपैकी कोणाच्याही दारिद्र्याची करुण कहाणी आम्ही पत्रकाराला सांगितली नाही. अकरा कोऱ्या चौकटी दाखवल्या आणि आदेशातली ती ओळ अधोरेखित करून दिली. जिल्हा पानावर तीन कॉलम बातमी आली, अधीक्षकांची बाजू त्यात होती, मनुष्यबळ कमी असल्याचं त्यांचं म्हणणंही होतं. पुढच्या आठवड्यात सचिव स्वतः कारागृहात आले. दीड महिन्यात चौदापैकी नऊ जण घरी गेले. आणि मेल बघायची जबाबदारी एका कर्मचाऱ्याकडे लेखी सोपवली गेली, मला त्या नऊ सुटकांइतकंच हे महत्त्वाचं वाटतं, कारण त्यानंतर जामीन मिळालेल्यांना आमची गरज लागली नाही.

हा तक्ता घरबसल्या होणार नाही. जिथे माहिती तोंडी मिळत नाही तिथे माहिती अधिकाराचा अर्ज करा: गेल्या वर्षभरात सात दिवसांत न सुटलेल्या किती बंद्यांची माहिती सचिवांना कळवली, त्या पत्रांच्या प्रती; कच्च्या कैद्यांचा आढावा घेणाऱ्या जिल्हा समितीच्या बैठका कधी झाल्या, इतिवृत्तं; भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या, म्हणजे फौजदारी प्रक्रियेच्या नव्या कायद्याच्या, कलम ४७९ खाली अधीक्षकांनी किती अर्ज न्यायालयात केले. हे कलम विसरू नका. पहिल्यांदाच आरोपी झालेल्या कच्च्या कैद्याने कमाल शिक्षेच्या एक तृतीयांश काळ आत काढला की त्याच्या सुटकेसाठी अर्ज करणं हे अधीक्षकांचं काम आहे, इतरांसाठी निम्मा काळ. मृत्युदंड किंवा जन्मठेपेच्या गुन्ह्यांना आणि एकाहून अधिक खटले प्रलंबित असलेल्यांना ते लागू नाही. ऑगस्ट २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते जुन्या खटल्यांनाही लागू असल्याचं स्पष्ट केलं. "अर्जांची संख्या: शून्य" असं उत्तर आलं, तर ती तुमची दुसरी बातमी. माहिती अधिकाराचं उत्तर एरवी ३० दिवसांत यायचं असतं, पण प्रश्न एखाद्याच्या स्वातंत्र्याचा असेल तर ४८ तासांत. अर्जात ते कारण ठळक लिहा.

आता त्या वाहिनीच्या प्रतिनिधीच्या "स्टोरी"बद्दल, कारण इथेच सगळ्यात जास्त चुका होतात.

माणसाचा चेहरा लागतो, हे खरं आहे. २३ हा आकडा कोणाच्या लक्षात राहत नाही. पण एकट्या माणसाची गोष्ट दाखवली की बघणारा त्या माणसालाच तपासायला लागतो. हा चांगला आहे का, याने केलं असेल का, याचे घरचे पैसे का भरत नाहीत. अमेरिकेतले अभ्यासक शांतो अय्यंगार यांनी टीव्ही बातम्यांवर प्रयोग करून हेच दाखवलं होतं: सुट्या घटनेसारखी मांडलेली बातमी पाहून प्रेक्षक दोष त्या व्यक्तीला देतो, आणि तोच प्रश्न व्यापक संदर्भासह मांडला की जबाबदारी समाजाकडे, सरकारकडे जाते. म्हणून माझी पद्धत अशी: माणूस एक, पण त्याच्या गोष्टीत प्रत्येक वळणावर यंत्रणेची एक पायरी. बायको तहसील कार्यालयात ऐपतीच्या दाखल्यासाठी किती वेळा गेली, मजुरीचे किती दिवस बुडाले, सातबारा कोणाच्या नावावर, नातेवाइकाने जामीनदार व्हायला का नकार दिला. कॅमेऱ्याने बाईच्या डोळ्यांतलं पाणी टिपण्याआधी तिच्या हातातली कागदांची पिशवी टिपावी. ती पिशवी तुम्ही पाहिली असेल: आधारची झेरॉक्स, रेशनकार्ड, घरपट्टीची पावती, वकिलाचं कार्ड, सगळं घडी घालून घालून मऊ झालेलं.

निर्दोष कैदी शोधत बसू नका. पत्रकार विचारेल, "हा खरंच निर्दोष आहे ना?" तुम्ही "हो" म्हटलंत की तुमची बाजू त्या एका खटल्याच्या निकालाशी बांधली जाते, आणि जे निर्दोष नसतील त्यांना आत ठेवलं तरी चालेल असा अर्थही निघतो. उत्तर एवढंच द्या: गुन्हा झाला की नाही ते न्यायालय ठरवेल, तोवर बाहेर राहायची परवानगी न्यायालयानेच दिली आहे, आणि ती पैशाअभावी अडली आहे. हे वाक्य तुमच्या गटातल्या प्रत्येकाला पाठ असलं पाहिजे.

संमती घ्या, आणि नीट घ्या. सुरुवातीच्या काळात मी यात चुकले आहे. चोरीच्या आरोपाखालच्या एका तरुणाची गोष्ट मी नावासह एका पत्रकाराला दिली. त्याने "चालेल" म्हटलं होतं, पण मुलाकतीच्या जाळीपलीकडून, दोन मिनिटांत, सुटण्याच्या आशेने म्हटलेलं ते "चालेल" होतं. बातमी चांगली आली, तो सुटला, पुढे निर्दोषही ठरला. दोन वर्षांनी भेटला तेव्हा म्हणाला, "ताई, कुठे कामाला गेलं की मालक मोबाइलवर नाव टाकतात. तुमचीच बातमी वर येते." तेव्हापासून मी नाव बदलायला सांगते, गाव सांगत नाही, चेहरा दाखवू देत नाही, आणि बातमी इंटरनेटवर राहणार आहे, तुमच्या मुलांनाही सापडणार आहे, हे कैद्याला आणि घरच्यांना वेगवेगळं समजावते. नको म्हणाले की विषय संपला. खऱ्या नावाची याचिकेत गरज असते, तिथे ते द्या. छापायची गरज क्वचित असते. अल्पवयीन असेल किंवा लैंगिक गुन्ह्यातली पीडित व्यक्ती असेल तर ओळख उघड करणं कायद्यानेच गुन्हा आहे, आणि ओळख नुसत्या नावाने होत नाही, शाळा, नातं, गल्ली यांनीही होते.

वकिलांसाठी एक वेगळी सूचना. बार कौन्सिलच्या नियमांनुसार स्वतः चालवत असलेल्या खटल्याबद्दल पेपरात झळकणं ही जाहिरात ठरू शकते. अशिलाने विश्वासाने सांगितलेलं तर त्याच्या परवानगीशिवाय बाहेर काढताच येत नाही. म्हणून बोलणारा माणूस कार्यकर्ता असू द्या. वकिलांनी मागे राहून तारखा आणि कलमं तपासावीत.

तुरुंगाच्या आत कॅमेरा नेण्याच्या भानगडीत पडू नका. पत्रकारांनी कैद्यांना भेटण्याचा प्रश्न मुंबईच्या शीला बर्से यांनी सर्वोच्च न्यायालयापर्यंत नेला होता. त्यांनीच १९८२-८३ मध्ये पोलीस कोठडीतल्या स्त्रियांच्या मारहाणीबद्दल न्यायालयाला पत्र लिहिलं, आणि त्यातून स्त्रियांसाठी वेगळी कोठडी, अटकेची खबर लगेच विधी साहाय्य समितीला, असे आदेश निघाले. १९८७ च्या निकालात कैद्याच्या संमतीने आणि नियमांत राहून मुलाखत घेता येते हे मान्य झालं. पण २०१५ पासून केंद्राच्या सूचनांप्रमाणे परवानगीची वाट लांब आहे आणि एक लाख रुपयांची अनामत मागितली जाते. तुमच्या कामाला त्याची गरजही नाही. तुमची बातमी तुरुंगाच्या बाहेर, कागदांत आणि घरांत आहे.

कोणाला द्यायची? क्राइम बीटच्या बातमीदाराला दिली तर ती पोलिसांच्या चौकटीतून येण्याची भीती असते, कारण त्याचा रोजचा राबता पोलीस ठाण्याशी. कोर्ट बीटच्या माणसाला कलमं कळतात. जिल्हा आवृत्तीचा मुख्य बातमीदार असेल तर उत्तम. राज्यस्तरीय वाहिनीवर दीड मिनिट येण्यापेक्षा मी जिल्हा पानावरचे तीन कॉलम पसंत करते, आणि त्याचं कारण साधं आहे: जिल्ह्याच्या अधिकाऱ्यांसमोर रोज सकाळी स्थानिक वर्तमानपत्रांची कात्रणं जातात. जिल्हाधिकारी, पोलीस अधीक्षक आणि प्रमुख जिल्हा न्यायाधीश हे तिघे आढावा समितीत असतात. बैठक दर तीन महिन्यांनी व्हायची असते. बैठकीच्या दहा दिवस आधी आलेली बातमी विषयपत्रिकेत येते, बैठकीनंतर आलेली पुढच्या तिमाहीपर्यंत शिळी होते. तारीख आधी शोधा, मग पत्रकाराला फोन करा.

आणि बातमी छापायच्या आधी अधीक्षकांना आणि सचिवांना भेटा. "आमच्याकडे ही यादी आहे, यावर आम्ही पत्रकारांशी बोलणार आहोत, तुमची अडचण काय ती सांगा." काही कार्यकर्त्यांना हे मिळमिळीत वाटतं. मला नाही वाटत. कारागृहात पदं रिकामी असतात, आरोपीला तारखेला न्यायला पोलीस पार्टी मिळत नाही, हे अधीक्षकांच्या हातात नसतं. अनेकदा त्यांनाच ही गर्दी कमी व्हायला हवी असते. अट ठरवणाऱ्या न्यायाधीशांवर व्यक्तिगत टीका तर अजिबात नको. अवमानाचा धोका आहेच, शिवाय तुम्हाला उद्या त्याच न्यायालयात अट शिथिल करायचा अर्ज करायचाय.

भाषेबद्दल बोलल्याशिवाय राहवत नाही. आपली मराठी गुन्हेवार्ता तुरुंग भरायला हातभार लावते, असं माझं ठाम मत आहे. संशयिताला "बेड्या ठोकल्या", "मुसक्या आवळल्या", "गजाआड केलं", आणि जामीन मिळाला की "आरोपी मोकाट". वाचणाऱ्याच्या मनात जामीन म्हणजे सुटलाच, असं पक्कं होतं. त्याचा दबाव थेट न्यायाधीशावर येतो. खालच्या न्यायालयांतले न्यायाधीश जामीन द्यायला कचरतात, कारण आपल्याकडे बोट दाखवलं जाईल अशी भीती त्यांना असते, हे नोव्हेंबर २०२२ मध्ये तेव्हाचे सरन्यायाधीश चंद्रचूड यांनीच जाहीरपणे म्हटलं होतं. पारधी समाजाबद्दल तर विचारूच नका. इंग्रजांचा १८७१ चा गुन्हेगार जमाती कायदा १९५२ मध्ये गेला, पण "पारधी टोळी" हा मथळा गेला नाही. जातीचं नाव आणि "सराईत" हा शब्द शेजारी छापला की त्या वस्तीतल्या पुढच्या मुलाचा जामीन अवघड होतो. बातमीदारांसोबत चहा घेताना हे शांतपणे बोलत राहा. मी एका डेस्कवरच्या उपसंपादकाला फक्त एवढंच सुचवलं होतं की "मोकाट"च्या जागी "जामिनावर बाहेर" लिहा. त्याने लिहायला सुरुवात केली. पुढे त्याच्या हाताखालच्या मुलांनीही.

उलटा वार कधीतरी होणार, त्याची तयारी आधी करा. तुमच्या यादीतून सुटलेला एखादा पुन्हा पकडला जाईल आणि तोच पेपर "यांनी सोडवलेला" म्हणून मथळा देईल. पुण्यातल्या मे २०२४ च्या पोर्श अपघातात तीनशे शब्दांच्या निबंधाच्या अटीवर झालेल्या जामिनाचा राग अजून लोकांच्या मनात आहे, आणि तो राग खोटा नाही. दोन तरुण जीव गेले होते. लोक चिडले ते पैसेवाल्याला दार पटकन उघडतं म्हणून. तिथे आपण गप्प न बसता म्हणायचं, की हो, दार सगळ्यांना सारखंच उघडलं पाहिजे. ज्यांच्यासाठी न्यायालयाने उघडूनही ते बंद आहे अशांची ही यादी. आणि तुमच्या २३ पैकी कोणाच्या प्रकरणात पीडित कुटुंब गावातच राहत असेल, तर त्यांना बातमी पेपरातून कळू देऊ नका. आधी जाऊन भेटा. त्यांनी विरोध केला तरी भेटा.

सोशल मीडियाचा उपयोग मर्यादित आहे. पेपरात आलेलं पसरवायला ठीक. कैद्याच्या बायकोचा व्हिडिओ स्वतः करून टाकू नका, खालचे शेरे तिला वाचायला लागतात.

तेव्हा आता असं करा. या आठवड्यात तक्ता पूर्ण करा. ज्यांच्या जामिनाला महिना उलटलाय त्यांची नावं वेगळी काढा आणि त्यांच्यासाठी अट शिथिल करण्याचे अर्ज विधी सेवा प्राधिकरणामार्फत लगेच दाखल करा, बातमीची वाट बघू नका. कोठडीतल्या प्रत्येक माणसाला, उत्पन्न कितीही असो, मोफत वकील मिळण्याचा हक्क कायद्याने आहे. ज्यांना वकीलच नाही अशांच्या घरच्यांना १५१०० हा राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाचा क्रमांक द्या. पुढच्या आठवड्यात अधीक्षक आणि सचिवांच्या भेटी. काहीजण तेवढ्यानेच सुटतील. उरतील ते का उरले, हीच तुमची बातमी: २३ होते, इतके सुटले, इतके अडले, या पायरीवर अडले. बातमी आल्यावर पंधरा दिवसांनी तोच तक्ता त्याच बातमीदाराकडे न्या, 'सुटल्याची तारीख' हा रकाना भरलेला आणि न भरलेला, दोन्ही दाखवा. फॉलोअप छापून आणणं पहिल्या बातमीपेक्षा अवघड असतं, पण अधिकारी खरा दचकतो तो दुसऱ्या बातमीला.

त्या वाहिनीच्या प्रतिनिधीला मात्र आजच फोन करा. स्टोरी आहे, पण पंधरा दिवसांनी, कागदांसह, आणि कुटुंबाची तयारी असेल तरच, असं सांगा. दिवस ठरवून सांगा. आणि त्या दिवशी, तो विसरला असला तरी, तुम्ही तक्ता घेऊन त्याच्या कार्यालयात जा.